दुसऱ्या ढिगावरची डहाळी

आक्का, परवा तुला बसवलं.

आमच्यात माणूस गेलं की आडवं करून चितेवर ठेवतात. तुमच्या लिंगायतांत बसवतात हे इतकी वर्षं ऐकून होतो, पाहिलं पहिल्यांदाच. खड्ड्याच्या भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात तू मांडी घालून बसलेली, कपाळभर विभूती, हातात इष्टलिंग, मान जराशी उजवीकडं कललेली. कुणीतरी म्हणालं, मान सरळ करा. राहू द्या, अशीच छान दिसते, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. हेच वाक्य मी तुला शाहूवाडीच्या रानात म्हणालो होतो, कॅमेऱ्यामागून. तेव्हा तू फांद्यांच्या ढिगावर अशीच बसली होतीस, अंगावर पांढरं लुगडं, डोळ्यांभोवती काजळाची वर्तुळं, आणि मुंग्या चावतायत म्हणून मला शिव्या घालत होतीस. परवा काही बोलली नाहीस, एवढाच फरक.

मी दमलोय. रडायलाही अंगात काहीतरी लागतं, तेवढंही उरलेलं नाही. घरी येऊन आंघोळ केली आणि खुर्चीत बसून राहिलो. सूनबाईनं चहा आणून ठेवला, तो निवला. तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतोय. आपलं भांडण अर्धंच राहिलं ना. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी भांडू नये. पण तू असताना तरी आपण दुसरं काय करत होतो?

सिनेमा मी काढला, पण भांडण तू काढलंस. नव्वदीची सुरुवात होती. कोल्हापुरात जो तो सासू-सुनेचा नाहीतर फेट्याचा सिनेमा काढत होता, आणि मला मात्र भुताचा काढायचा होता, तोही वाघाच्या रानातला. मित्र म्हणाले, दत्तू, भूत परवडेल, वाघ कुठनं आणशील? मी शाहूवाडीच्या वरच्या अंगाला एका वाडीत जागा बघायला गेलो, तर गोष्टच वाटेत पडलेली सापडली. ऐनाच्या झाडाखाली, पायवाटेच्या कडेला, ओल्या-सुक्या फांद्यांचा एक ढीग होता. वाडीतले तात्या बरोबर होते. त्यांनी चालता चालता एक हिरवी डहाळी मोडली, ढिगावर टाकली आणि मागं न बघता पुढं निघाले. बरंच पुढं गेल्यावर म्हणाले की तिथं एका बाईला जनावरानं नेलं. हिरडा गोळा करायला आली होती. त्यांच्या आज्याच्या वेळची गोष्ट. तेव्हापासून जाणारा-येणारा तिला एक डहाळी देतो, आणि मागं वळून बघत नाही. वाघ हा शब्द त्या माणसानं एकदाही तोंडातून काढला नाही. रानात नाव घेतलं की ते ऐकतं, असं तिथं मानतात. जनावर म्हणायचं, नाहीतर नुसतं 'मोठं'.

झालं, गोष्ट तयार. ज्यानं डहाळी दिली नाही, त्याच्या मागं आधी वाघ लागतो आणि वाघाच्या मागून बाई येते. दारात उभी राहून विचारते, माजी डहाळी कुठं हाय? ज्याला 'ही घे, बाई' म्हणून हिरवं पान पुढं करता आलं, तो वाचला. बाकीच्यांचं काय होतं ते आम्ही दाखवलं नाही, कारण दाखवायला वाघ नव्हता.

बाईचं काम तुला दिलं तेव्हा सगळे हसले. राजारामपुरीत स्टीलच्या भांड्यांचं दुकान चालवणारी, हातकणंगल्याच्या गुळाच्या व्यापाऱ्याची लेक, हौशी नाटकांत आईची कामं करणारी धिप्पाड बाई. हिला बघून कोण घाबरणार? पण त्यांनी तुझा आवाज नीट ऐकला नव्हता. गल्ल्यावरनं तू नोकराला वरचा डबा काढ म्हणालीस, तरी गिऱ्हाईक दचकायचं.

रात्रीचे प्रसंग आपण दिवसाच घेत होतो, आठवतं? अंधार पडल्यावर त्या रानात थांबायला युनिटमधला एक माणूस तयार नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतो. भर दुपारी भिंगावर निळी काच चढवायची, आभाळ चौकटीत येऊ द्यायचं नाही, की झाली रात्र. तू विचारायचीस, दत्तू, आत्ता किती वाजलेत, जेवायचं का झोपायचं? सगळं युनिट हसायचं. ढिगावर बसायची वेळ आली तेव्हा मात्र तू हसली नाहीस.

"ती बाई हितं गेली रं," म्हणालीस. "तिच्या डोक्यावर बसू व्हय मी?"

मी समजावलं, चिडलो, ऊन निघून चाललंय म्हणून हात जोडले. तू ढिम्म. लुगडं सावरून ऐनाखाली उभी राहिलीस, आधी आपली डहाळी टाकलीस, मग एकेकाला बोलावून सगळ्या युनिटला टाकायला लावलीस. कॅमेरामन देव मानत नव्हता, त्यालाही सोडलं नाहीस. शेवटी मी पोरांना सांगितलं, की पुढच्या वळणावर कारवी तोडा आणि आपला दुसरा ढीग करा. तिथं ऊनही चांगलं येत होतं, म्हणून मला उलट बरंच वाटलं. त्या ढिगावर तू खुशाल बसलीस. तो कुणाचाच नव्हता.

शेवटच्या दिवशी वानरं खाकरायला लागली, जनावर जवळ आलं की खाकरतात तशी. एक, मग दुसरं, मग सगळा डोंगरच खाकरतोय असं वाटलं. तात्यांनी हात वर केला आणि सगळे होते तिथं थिजले. समोरच्या कारवीत काहीतरी हललं, किंवा हललं असं आम्हा सगळ्यांना वाटलं. कॅमेरा चालू होता आणि कॅमेरामन डोळे मिटून उभा होता. आयुष्यात एकदा खरा वाघ चौकटीत यायची वेळ, आणि आमचा माणूस डोळे मिटून. तू ढिगावर तशीच बसलेली. भूत तू होतीस, आणि घाबरलो होतो आम्ही. मग तू हळूच शिवा शिवा म्हणालीस आणि आम्हाला दटावलंस.

"हलू नगासा. घर त्याचं हाय, आपण पावणं."

वानरं गप्प झाली. कुणाला काही दिसलं नाही. पण सामान ट्रकमध्ये कसं चढलं आणि आम्ही भर उन्हात रान कसं सोडलं, ते आठवलं की अजून लाज वाटते. त्या गडबडीत आपला ढीग मोडायचा राहिला. तेव्हा ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

सिनेमा आला आणि गेला. कोल्हापुरात एक आठवडा, मग जत्रांतल्या तंबूंत, मग केबलवर दुपारच्या वेळी. घागरीच्या तोंडाला कातडं बांधून, त्यातून मेण लावलेली दोरी ओढून आपण वाघाची डरकाळी काढली होती. तंबूत लोक ती ऐकून ओरडायचे, आवाज झाला, आता वाघ दाखवा की. माझ्या नावानं बोंब, आणि तुझं मात्र नाव झालं. राजारामपुरीत रिक्षावाले तुला वाघाची बाई म्हणायला लागले. शाळेतून येणारी पोरं दुकानाच्या दारात थांबून माजी डहाळी कुठं हाय म्हणून ओरडायची, आणि तू गल्ल्यामागून त्याच आवाजात, ही काय तुज्या मागं, म्हणालीस की दप्तरं सांभाळत पळत सुटायची. तुला ते फार आवडायचं. त्यानंतर तुला एकही भूमिका मिळाली नाही, कारण आईच्या कामाला आता तुला कोण घेणार? मी त्याबद्दल हळहळलो, तर मलाच वेड्यात काढलंस. म्हणालीस, आई व्हायला सगळ्या हायत, ही एकच बाई हाय.

एक दिवस तू सकाळी सकाळी माझ्या दारात उभी राहिलीस. तुझा भाचा बसवराज, आपला बसू, गाडी घेऊन मागं. तोंडावरून कळलं की काहीतरी बिनसलंय. नारळ द्यायला म्हणून तू त्या रानात जाऊन आली होतीस. आपल्या ट्रकच्या चाकांनी वळणावरनं नवी वाट पाडली होती. लोक त्याच वाटेनं जायला लागले होते, आणि वाटेत आपला ढीग लागतो म्हणून त्यावर डहाळ्या टाकत होते. आपला ढीग हिरवागार, कमरेएवढा. जुनी वाट कारवीनं गिळलेली, आणि ऐनाखालचा बाईचा ढीग वाळून भुईला मिळालेला.

तिथनं आपलं भांडण सुरू झालं. तुझं म्हणणं साधं होतं, जाऊन आपला ढीग मोड. माझंही म्हणणं साधंच होतं, की लोक तिच्याच नावानं टाकतात ना, मग कुठंही टाकलं तरी पोचतं. नैवेद्याचं ताट तरी देव कुठं पुढ्यात ओढून घेतो? तू त्यावर जे बोललीस ते मी पुढं कितीजणांना ऐकवलं असेल.

"आरं, माज्या घरचं ताट शेजारणीच्या दारात ठिऊन गेलास, आणि पोचलं म्हनतोस व्हय? ती उपाशीच की!"

मी म्हणालो, ती मेलेली आहे आक्का, तिला भूक कुठली. तू म्हणालीस, मग सिनेमात दारोदार कशाला हिंडवलीस तिला?  त्यावर मी आवाज चढवायचो, आणि तू बसूला गाडी काढायला सांगायचीस.

त्यानंतर दिवाळीचा फराळ आला की डब्याबरोबर तो प्रश्न यायचा. संक्रांतीला तिळगूळ घेतलास की, गोड बोलायचं नंतर, आधी ढिगाचं काय, असं विचारायचीस. माझ्या मुलाच्या लग्नात, वरात दारात असताना, तू मला बाजूला ओढून तेच विचारलंस. मी म्हणायचो की मी मोडणार नाही, लोकांनी श्रद्धेनं टाकलेलं मोडायचा मला काय अधिकार? तू म्हणायचीस की केलास तेव्हा अधिकार कुणी दिला होता? दोघंही म्हातारे होत गेलो, गुडघे गेले, दोघांच्याही तोंडी दुसऱ्याची वाक्यं पाठ झाली. कधी कधी मला वाटायचं की हा विषय मिटला तर आपण एकमेकांना फोन कशाला करू? तसं बोलून मात्र दाखवलं नाही. तुझ्याशी भांडायला मिळतं ह्याचा मला किती आधार होता, हे सांगायचं राहून गेलं. आता सांगतोय, तर समोर रिकामी खुर्ची.

दवाखान्यात शेवटचं भेटलो ती दुपार. नाकाला नळी, बोलायला बंदी. मी पडदा सरकवून आत आलो तशी तू डोळे उघडलेस, माझ्याकडं बघितलंस, आणि नळी बाजूला करून त्या आवाजात विचारलंस.

"माजी डहाळी कुठं हाय?"

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं घाबरून पांघरूण ओढून घेतलं. नर्सला हसू आवरेना. मीही हसलो. म्हणालो, आक्का, बडबडू नको, दम लागतोय. तू थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिलीस आणि मग डोळे मिटलेस. ती थट्टा होती, की आपल्या भांडणाची आठवण होती, की तू खरोखरच काही मागत होतीस, ते मला कळलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर जगात मला सर्वांत आधी ठाऊक होतं, मीच लिहिलं होतं ते. तीन शब्दांचं. ते काही मी दिलं नाही.

आणि मग परवा. जंगमांनी, म्हणजे तुमच्या पुरोहितांनी, माती लोटल्यावर वाहायला प्रत्येकाच्या हातात बेलाचं एक पान दिलं. दर्शन घेऊन मी रांगेतून बाजूला झालो, कारण गुडघे उभं राहू देत नव्हते, आणि कंपाउंडच्या कट्ट्यावर टेकलो. डोळ्यांपुढं जरा अंधारी आली. पुन्हा उठून गेलो तेव्हा माती लोटून झाली होती, गर्दी पांगत होती. ताज्या मातीचा उंचवटा दिसला, वाकलो, पान ठेवलं, हात जोडले. एवढ्यात बसू मागून आला, खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, काका, आत्ती तिकडं. त्या दिवशी तिथं अजून एकाला बसवलं होतं, आक्का. कुणाला, ते मला माहीत नाही. तुझं पान मी त्याच्या मातीवर ठेवलं.

पान उचलायला मी पुन्हा वाकलो, पण त्या घरची माणसं बघत होती. कुणाच्या मातीवरचं पान कसं उचलायचं? बसूनं माझा अवघडलेला चेहरा बघितला असणार. पोरगं गुणी आहे, त्यानं माझी समजूत काढली.

"असू दे काका. कुठं बी ठेवलं तरी पोचतंय."

आक्का, हे वाक्य माझं होतं. इतकी वर्षं मी ते तुझ्या तोंडावर मारत होतो, आणि मला वाटायचं की ह्यात काय वाईट आहे, उलट किती समजूतदार वाक्य आहे. परवा ते मला ऐकायला लागलं. अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, बसूला म्हणावं, नाही रे बाबा, नाही पोचलं. ती तिकडं बसलीय आणि पान इकडं आहे. पण गाडीत बसलो आणि घरी आलो.

आज सकाळी बसूला फोन केला, म्हटलं, शाहूवाडीला चल. त्यानं का म्हणून विचारलंही नाही. वाटेत मी त्याला सांगत होतो की ऐनाची ती जागा आता आपल्याला सापडायची नाही, रान वाढलं असणार. तो नुसता गाडी चालवत राहिला. वळणाच्या अलीकडं थांबला, डिकीतून कोयता काढला, आणि सरळ कारवीत शिरून मला ऐनाखाली नेऊन उभं केलं. आत्ती दर वर्षी येत होती, म्हणाला. काकाला सांगू नकोस म्हणायची, नाहीतर तो म्हणेल आता तू टाकतीयास ना, मग झालं.

म्हणालोच असतो मी, बरोबर ओळखलंस. भुईला मिळालेला तो ढीग तसाच होता, त्यावर तू टाकलेली डहाळी वाळून काडी झालेली. ह्या वर्षीची नव्हती. मी ऐनाची एक हिरवी डहाळी मोडली, मला ती पहिल्या झटक्यात मोडलीही नाही. ही घे, बाई, म्हणालो आणि टाकली.

मग आम्ही दोघांनी जुनी वाट मोकळी केली. म्हणजे बसूनं कारवी तोडली आणि मी बसून तोडलेली बाजूला सारली. आता वाडीतनं येणाऱ्याला ऐन आधी लागेल, आणि वळण नंतर. ते झाल्यावर मी आपल्या ढिगाकडं गेलो. मोडायचाच, असं घरून ठरवून निघालो होतो. तू जिंकलीस असं समज, म्हणणार होतो.

ढीग केवढा झालाय, आक्का. छातीएवढा. वर आज सकाळच्या ओल्या डहाळ्या. कोयता घेऊन त्यासमोर उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांपुढं तू आलीस. मान उजवीकडं, पांढरं लुगडं, मुंग्या झटकणारी. ह्या ढिगाखाली कुणी गेलेलं नाही. ह्याच्यावर ह्या जगात एकच बाई बसली, आणि ती तू. इतकी वर्षं लोक डहाळ्या टाकत होते त्या तुझ्याच दारात पडत होत्या, आणि तू मेली नव्हतीस म्हणून तुला त्या नको होत्या. आता काय हरकत आहे?

कोयता बसूकडं दिला. आपलं भांडण मिटलं असं मी म्हणत नाही. बाईचं बाईला पोचायला पाहिजे, हे तुझं खरं. पण हा ढीग मी मोडणार नाही, हे माझंही राहिलंच. वळणावरची एक कोवळी डहाळी मोडली, ह्या खेपेला नीट जागा बघून ठेवली, अगदी तू बसली होतीस तिथं.

ही घे, आक्का.

बसूनं माझा हात धरला आणि आम्ही गाडीकडं चालायला लागलो. कारवीत मागं काहीतरी हलल्यासारखं वाटलं. मागं वळून बघायचं नसतं, म्हणून बघितलं नाही.